टूबीएचकेचं फर्निचर: पीओपी आधी की सुतारकाम? काय काय चुकू शकतं?

नवं_दार:
ठाण्यात टूबीएचकेचा ताबा मिळालाय. हॉल १० बाय १६, बेडरूम १० बाय ११, फरशीपासून स्लॅब साडेनऊ फूट. कंत्राटदार म्हणतो, सगळीकडे पीओपीचं छत आधी उरकून घेऊ, फर्निचरचं नंतर बघू. कोटेशनमध्ये 'वॉटरप्रूफ प्लाय, सनमायकासह' एवढंच लिहिलंय. बेडरूममध्ये ६ बाय साडेसहाचा बेड आणि पायथ्याकडच्या भिंतीवर वर लॉफ्टसकट (माळ्यासकट) कपाट हवंय. ओटा बिल्डरचाच आहे, खाली ट्रॉल्या करायच्यात. स्वयंपाक करणाऱ्यांची उंची ५ फूट १ इंच. जाणकारांनी सांगावं.

फेज_न्यूट्रल:
पीओपी सगळ्यात आधी नको. पहिल्यांदा बेड, कपाट, सोफा खऱ्या मापाने फरशीवर खडूने आखा. मग वायरिंगच्या झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) आणि एसीचे पाइप, मग पीओपी, मग सुतार, शेवटी रंग. एसीचा ड्रेन पाइप पीओपीच्या आत जाणार असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा. छत बंद करण्याआधी त्यात बादलीभर पाणी ओतून बघा, नाहीतर पुढे छतावर पिवळे डाग ठरलेले.

आता तुमची बेडरूम. बेड ११ फुटांच्या दिशेनेच लावा. साडेसहा फूट बेड, ३ इंच हेडबोर्ड, २ फूट कपाट. मध्ये २ फूट ३ इंच उरतात. १० फुटांच्या दिशेने लावलात तर जेमतेम सव्वा फूट उरेल आणि कपाटाचं दार बेडवर आपटेल.

पंख्याचं गणित मात्र कुणी मांडत नाही. हूक खोलीच्या मध्यावर, म्हणजे कपाटामागच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर. ४८ इंची पंख्याचं पातं तिथून २ फूट येतं, म्हणजे भिंतीपासून साडेतीन फुटांवर. कपाट २ फूट आणि लॉफ्टचं दीड फुटी दार उघडलं की तेही बरोबर साडेतीन फुटांवर! चालू पंख्यात दार अडकणार. पंखा भिंतीपासून साडेसहा फुटांवर सरकवा, म्हणजे फूटभर मोकळं राहील. नवा हूक स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट रुतणारा बोल्ट) मारूनच बसवायचा, पीओपीच्या सांगाड्याला कधीही नाही.

पीओपीचं छत स्लॅबपासून ५ इंचांपेक्षा खाली आणू नका. छतापासून पात्यापर्यंत फूटभर अंतर ठेवल्यावर पातं फरशीपासून ८ फुटांवर राहतं, त्याखाली नको. ९ इंच उतरवलंत तर पावणेआठ.

वायर: दिव्यांना १.५, प्लगना २.५, एसी आणि गिझरला ४ स्क्वेअर एमएम. झिऱ्या बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा.

रंधा:
'वॉटरप्रूफ' या शब्दाला कोटेशनमध्ये काही अर्थ नाही. असं लिहून घ्या: कपाटाला आयएस ३०३ बीडब्ल्यूआर (ओलाव्याला टिकणारा प्लाय), सिंकखाली आयएस ७१० (मरीन प्लाय), जाडी १८ मिमी, मागची पाठ ६ मिमी, बाहेर १ मिमी सनमायका, आत ०.८ मिमी. आयएसआयचा शिक्का शीटवरच असतो, कापण्याआधी स्वतः बघा.

पैसे वाचवायला दाराच्या आतल्या बाजूला नुसता रंग मारून देतात. पावसाळ्यात ती बाजू दमट हवा ओढते, सनमायकाची ओढत नाही, आणि दार वाकतं. मग बिजागऱ्या कितीही आवळा, उपयोग शून्य. सात फुटी दार असेल तर ब्लॉकबोर्डचं (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड), रुंदी १८ इंचांपर्यंत, बिजागऱ्या चार.

कपाटाची भिंत बाहेरची किंवा बाथरूमची आहे का? असेल तर आधी ओल तपासा, मग पाऊण इंच फट सोडून कपाट उभं करा. ओलीवर प्लाय ठोकणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं.

कडप्पा:
ट्रॉल्यांआधी ओट्याची उंची मोजा. कोपर वाकवून उभं राहायचं, कोपरापासून ५ इंच खाली ओटा. ५ फूट १ इंचाला तो साधारण ३२ ते ३३ इंच येतो. शेगडी वर ठेवली की भांडं आणखी चढतं, त्यामुळे ३५ इंची ओट्यावर कढई ढवळताना खांदे दुखतात.

ट्रॉलीचं माप मागे, मध्ये आणि पुढे, तिन्ही ठिकाणी घ्या. बिल्डरचे कडप्प्याचे खण काटकोनात क्वचितच असतात. सर्वांत लहान माप धरायचं. एल आकाराच्या ओट्याला कोपऱ्यात दोन्ही बाजूंना किमान २ इंच पट्टी सोडा, नाहीतर एका ट्रॉलीचं हँडल दुसरीला अडवतं. गॅसचा कॉक आणि सिंकचा ट्रॅप (खालचा वाकडा पाइप) हात घालून उघडता आले पाहिजेत. तिथे ट्रॉली नको, साधं दार करा.

चिमणी बर्नरपासून २६ ते ३० इंच वर. पाइप ६ इंची, वळणं कमीत कमी. तो कुठून जाणार हे माळ्याचं काम सुरू होण्याआधी ठरवा.

नवं_दार:
पंख्याचं लक्षातच आलं नव्हतं. कपाट स्लायडिंग केलं तर?

रंधा:
कपाट २६-२७ इंच खोल धरावं लागेल, म्हणजे वाट २ फुटांवर येते आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. शिवाय लॉफ्टची दारं बाहेरच उघडणार, म्हणून पंखा सरकवायचाच. तुमच्या खोलीत उघडणारीच दारं बरी.

फेज_न्यूट्रल:
पीओपीवाल्याला अजून एक सांगा: पात्यांच्या वर स्पॉटलाइट नको. पंखा फिरला की उजेड सतत लपलप करतो. दिवे पात्याच्या वर्तुळाबाहेर किमान फूटभर. हॉल-बेडरूमला ३००० केल्विन (पिवळसर उजेड), ओट्यावर ४००० (पांढरट).