मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीने रिसर्च डेटाचं काम घ्यायचं का?

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी. मी धुळ्याकडच्या एका मेडिकल कॉलेजात लायब्रेरियन आहे. पीजीची मुलं आतापर्यंत पेपर शोधून द्या, संदर्भ लावून द्या, प्लॅगरिझम तपासा एवढंच सांगायची, पण आता जर्नलवाले डेटा कुठे ठेवलाय ते लिहून मागतात आणि मुलं तो मेल घेऊन माझ्याकडे येतात. परवा एक रेसिडेंट आली, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीचं काम आहे तिचं. नाव, पाडा, मोबाइल, रिपोर्ट, सगळं एकाच एक्सेल शीटमध्ये, आणि म्हणे मॅडम हे कुठे अपलोड करू? मी तिला थांबवलंय. पण पुढे काय सांगू? आणि हे काम आपलं की स्टॅटिस्टिक्सवाल्यांचं?

सातपुडा_पायथा:
ताई, थांबवलंत ते फार चांगलं केलं. नाव आणि मोबाइल काढला की झालं असं मुलांना वाटतं, पण तीस-चाळीस घरांच्या पाड्यात "वय १९, गरोदर, सिकलसेल रुग्ण" एवढं दिसलं तरी सगळ्यांना कळतं ती कोण, आणि मग सोयरीक जमवताना तिच्या धाकट्या बहिणीलाही त्रास होतो. म्हणून पाड्याऐवजी फक्त तालुका ठेवा, वयाऐवजी वयोगट, तारखेऐवजी वर्ष. नाव आणि कोड जुळवणारी फाइल वेगळी, पासवर्ड लावून गाइडकडे. आणि संमतीपत्र बघा आधी! डेटा इतरांना देऊ असं त्यात नसेल तर एथिक्स कमिटीला विचारल्याशिवाय काहीच टाकू नका. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची आपली सरकारी संस्था) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये आदिवासींसाठी जास्तीची काळजी घ्यायला सांगितलीय. कमिटी नाही म्हणाली तर जर्नलला तसं कारण देऊन लिहायचं, रुग्णांच्या डेटाबाबत बरीच जर्नलं ते मान्य करतात.

जळगावकर_डेटा:
काम आपलंच आहे मॅडम. अमेरिकेत एनआयएचने (आरोग्य संशोधनाला पैसे देणारी तिकडची सरकारी संस्था) २५ जानेवारी २०२३ पासून फंडिंगच्या अर्जासोबत डेटाचा प्लॅन सक्तीचा केला आणि तिकडच्या हेल्थ सायन्स लायब्रऱ्या तो प्लॅन लिहायला मदत करतात. स्टॅटिस्टिक्सवाले ॲनालिसिस करतील, पण पाच वर्षांनी ती शीट उघडणाऱ्याला "क्यू७" कॉलम म्हणजे काय ते कळायला हवं ना, तर प्रत्येक कॉलमचा अर्थ, युनिट, कोड लिहिलेली डेटा डिक्शनरी करून घ्या. मुलांना सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसचा आराखडा देण्याच्या, वेळीच पकडा, थीसिस सबमिट करताना काही हाती लागत नाही. एक्सेलमध्ये १०-१२ असा वयोगट टाइप केला की त्याची तारीख होऊन बसते, कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवायला सांगा. रेडकॅप (रिसर्चचा डेटा भरायचं सॉफ्टवेअर) नॉन-प्रॉफिट संस्थांना फुकट मिळतं पण सर्व्हर आणि आयटीचा माणूस लागतो, लगेच त्याच्या मागे लागू नका. डेटा ठेवायला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं झेनोडो हे ऑनलाइन भांडार आहे, फुकट, एका रेकॉर्डला ५० जीबीपर्यंत, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, फाइल बंद ठेवून फक्त माहिती दाखवायचीही सोय आहे.

शिरपूरची_पोर:
एक राहिलं. आमच्याकडे सर्व्हेत प्रश्न पावरीत विचारतात, कुठे अहिराणीत, आणि शीटमध्ये नुसतं "थकवा: हो/नाही" येतं. नेमकं काय विचारलं ते त्याच भाषेत डिक्शनरीत लिहून घ्या ताई, नाहीतर दोन गावांची उत्तरं एकत्र कशी करणार?

पांझराकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. संमतीपत्र बघितलं, शेअरिंगबद्दल एक ओळ नाही, सोमवारी कमिटीच्या सेक्रेटरींना भेटते आणि तोवर ती शीट कुठेच जाणार नाही. पुढच्या बॅचसाठी सोप्या मराठीत वाक्य सुचवाल का कोणी?

सातपुडा_पायथा:
"तुमचं नाव, गाव, फोन काढून टाकून ही माहिती पुढे दुसऱ्या डॉक्टरांना अभ्यासासाठी दिली तर चालेल का? नाही म्हणालात तरी तुमची तपासणी आणि उपचार तसेच चालू राहतील." हो-नाहीचे दोन चौकोन वेगळे द्या, तपासणीच्या संमतीत मिसळू नका. वाचता येत नसेल त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगायचं, अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराची सही, तो साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा हवा.