अनुभव धागा: कार्ड कुठल्या रंगाचं, गाडी कुठल्या रंगाची

सांजवात:
आमच्या भिशीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी एकीने विचारलं, "लाडकीचा हप्ता आला का गं कुणाचा?" (लाडकी बहीण योजनेचा हो.) पाठोपाठ तिघींचे मेसेज, आला आला. तिघींच्याही दारात चारचाकी, एकीकडे तर दोन. मी गप्प बसले, भिशी कशाला बिघडवा.. पण दिवसभर डोक्यात आमचे आण्णा फिरत होते. आण्णा एसटीत कंडक्टर. पगाराची स्लिप म्हणजे उघडं पुस्तक, महागाई भत्त्यासकट. माझ्या वर्गात एक मुलगी होती, घरचा ऊस, दारात ट्रॅक्टर, आईच्या गळ्यात कोल्हापुरी साज, आणि तिला ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची फीची सवलत. माझी फी पूर्ण, कारण आण्णांचा पगार मर्यादेच्या जेमतेम वर गेलेला. आई म्हणायची, अहो तलाठ्याला भेटा की एकदा. आण्णांचं उत्तर ठरलेलं, "स्लिपपुढे तलाठी काय करणार?"
तर ज्यांचं बरं चाललंय त्यांनी गरिबांसाठीच्या योजना घ्याव्यात का, सरकारने द्याव्यात का? स्वतःचे अनुभव लिहा. पक्ष आणू नका प्लीज.

चहाबिस्कीट:
पहिला नंबर! पक्ष नकोत म्हणजे धागा दुपारपर्यंत थंड. बाकी दोन गाड्यावाल्या लाडक्या बहिणीचं भिशीत नाव कधी निघतंय ते बघा, पार्टी मागा.

बांधावरचा:
झालं, पहिला दगड ऊसवाल्यावर. ताई कारखाना बिल कधी देतो ते विचारा एकदा. आम्ही बार्शीकडचे, आमच्याकडं जमिनीचा आकडा मोठा दिसतो आणि पाऊस नाही झाला तर त्या आकड्यावर घर चालत नाही. एका वर्षी कांद्याने हात दिला तर पुढच्या वर्षी तोच कांदा रस्त्यावर ओतायची वेळ, मग उत्पन्न कुठल्या वर्षाचं धरायचं? पण खोटं नाही बोलणार, गावात पीएम किसानचे ६ हजार आणि वर राज्याचे नमोचे ६ हजार अशी माणसं पण घेत होती ज्यांची नोकरी चालू, इन्कम टॅक्स चालू. टॅक्स भरणाऱ्याला ती योजना नाहीच. नंतर वसुलीच्या नोटिसा आल्या तेव्हा एक मास्तर पारावर बसून म्हणत होते, मी कुठं मागितले होते, खात्यात आपोआप आले. आपोआप!! फॉर्म काय मांजराने भरला का

सांजवात:
@बांधावरचा दगड नाही हो मारला, ती मैत्रीण अजून माझी मैत्रीण आहे. कांद्याचं पटलं.

आयटीवाला_नाना:
२०१५ ला ते गिव्ह इट अप आलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात गॅसची सबसिडी सोडली. बायको म्हणाली निदान मला विचारायचं तरी. पुढच्या वर्षी नियमच आला की १० लाखांच्या वर करपात्र उत्पन्न असेल तर मिळणारच नाही, म्हणजे माझा त्याग आठ-नऊ महिन्यांचा. आणि २०२० नंतर उज्ज्वलावाले सोडून जवळपास सगळ्यांचीच सबसिडी शून्यावर आली. मेव्हणा अजून चिडवतो, नाना तुम्ही सोडली आणि देशाची सुटली. पण मी आजही सोडेन. ज्याला सिलिंडरचा भाव बघावा लागत नाही त्याने कशाला रांग अडवायची.

चहाबिस्कीट:
नाना भाव बघत नाहीत, वहिनी बघतात. पुढचा प्रश्न.

सेतूवाला:
तहसीलच्या बाहेर टेबल टाकून बरीच वर्षं दाखल्यांचं काम केलंय म्हणून लिहितो. लोक समजतात चोरी माणसाची असते, मी म्हणतो आधी आकडे बघा. तीन रंगांची रेशन कार्डं १९९९ ला आली. १५ हजारांपर्यंत पिवळं, १ लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. हे वर्षाचं उत्पन्न बरं का, सगळ्या घराचं. त्यानंतर पगार कुठे गेले, दूध कुठे गेलं, केशरीचा लाख तिथेच. फुकट धान्याच्या प्राधान्य यादीला शहरात ५९ हजार आणि गावात ४४ हजार. म्हणजे पुण्यात महिन्याला पाच हजारांच्या आत. पाच हजारांत इथे धड खोली मिळत नाही. मग धुणंभांडी करणारी पण खोटं लिहिते आणि बंगलेवाला पण खोटं लिहितो. खोटं दोघांचंही, पण तपासणी आली की घाबरून कार्ड जमा करायला पहिली तीच येते.
आणि लाडकीत मेख कुठे होती सांगतो. मर्यादा अडीच लाख, पण पिवळं-केशरी कार्ड असेल तर दाखलाच लागत नव्हता. ज्यांचं केशरी कार्ड जुनं आहे, मध्ये पोरं इंजिनिअर झाली, फ्लॅट झाले, कार्ड तसंच राहिलं, ते सगळे सरळ आत. तुमच्या भिशीचं गणित हेच असणार.

सांजवात:
अगदी हेच!! एकीचं कार्ड सासऱ्यांच्या नावाचं आहे, केशरी, कोपरे उंदराने खाल्लेले.

सेविका_ताई:
मी अंगणवाडीत आहे, गाव सांगत नाही. चारचाकीच्या याद्या आल्या आणि घरोघर जाऊन बघा म्हणून आम्हाला पाठवलं. एका घरी ओट्यासमोर पांढरी गाडी, पुढे लिंबू मिरची, हार ताजा. बाई म्हणे गाडी दिराची आहे, आम्ही वेगळे राहतो. म्हटलं चूल? तर म्हणे चूल पण वेगळी. एवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, अगं सगळ्यांच्या भाकरी झाल्या का, दीर आलाय जेवायला 🙈 आता मी काय लिहायचं. लिहिलं तर रोज तिच्याच दारावरून जायचंय, तिची पोरगी माझ्याच अंगणवाडीत. त्या बाईचं नाव गेलं की राहिलं मला माहीत नाही, पण माझ्याशी बोलणं बंद झालंय. सरकारला गाळणी लावायची असेल तर लावावी, पण चिमटा आमच्या हातात कशाला? मानधन वेळेवर आलं असतं तर एकवेळ..

मनीमाऊ_७:
ताई __/\__ चुलीवरचा किस्सा आमच्या ऑफिसात वाचून दाखवला.

गोधडी:
माझा अनुभव उलटा. आई विधवा, वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ नाही. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकीचं ई-केवायसी सुरू झालं त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार टाका, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी. आईचे वडील तर मी जन्मायच्या आधीच गेलेले. आई सायबर कॅफेवाल्याला शांतपणे म्हणाली, "वर फोन लागतो का बघ बाबा." नंतर सांगितलं की मृत्यूचा दाखला अंगणवाडीत द्या, मग तो दाखला शोधायचा, नावात काना मात्रेचा फरक, परत नगरपालिका. गाडीवाल्यांना अडवायला लावलेली जाळी आणि अडकली कोण तर माझी आई. म्हणून मला हे "गरजूंनाच द्या" ऐकलं की आधी विचारावंसं वाटतं, गरजू आहे हे सिद्ध करायला रिक्षाचे पैसे कोण देणार.

सांजवात:
किती गं वाईट. हप्ता सुरू झाला का आता?

गोधडी:
हो झालाय.

रविवारची_मिसळ:
माझं मत जरा वेगळं आहे आणि शिव्या पडतील. नवऱ्याचा पगार लाखावर, गाडी आहे, मी घरी असते. म्हणजे माझं कुटुंब श्रीमंत. माझ्या पर्समध्ये किती असतात विचारा. भाजीचे वेगळे देतो, पोरांचे वेगळे, किराणा स्वतः ऑनलाईन मागवतो, ब्लाऊज शिवायचा तर सांगावं लागतं किती आणि कशाला. त्रास देतो असं नाही, स्वभावच तसा. योजनेसाठी मी पात्र नाही, फॉर्मही भरला नाही. पण शेजारच्या वहिनींना मिळत होते, त्यांची पण परिस्थिती माझ्यासारखीच, आणि त्यांनी त्या पैशातून काय केलं तर माहेरी जाताना भाचीला पैंजण घेतले, कुणाला न विचारता. नंतर नाव गेलं त्यांचं. नियमाने बरोबरच झालं. पण घराचं उत्पन्न म्हणजे बाईचं उत्पन्न हे कुणी ठरवलं?

सेतूवाला:
शिव्या कशाला. पण ताई, या हिशेबाने उद्या सोनाराची बायको पण पात्र होईल. सरकारकडे पैसा मोजका आहे.

रविवारची_मिसळ:
सोनाराच्या बायकोकडे पण तिचे स्वतःचे किती असतात बघून या आधी 😄

चहाबिस्कीट:
म्हणूनच मला एसटीचं हाफ तिकीट आवडतं. मार्च २०२३ पासून बाई म्हटलं की अर्धं, कंडक्टर उत्पन्न विचारत नाही, चूल विचारत नाही. श्रीमंत बाई तशीही लालपरीत बसत नाही, आपोआप गाळली जाते. आमची आत्या ७५ च्या पुढची, तिला तर पूर्ण फुकट, दर पंधरा दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या बारशाला हजर. बारसं नसेल तर काढते कुठूनतरी.

लेस्टरची_काकू:
इथेही हेच भांडण आहे हो. इंग्लंडात मुलांसाठी चाइल्ड बेनिफिट असतं, आधी सगळ्यांना. २०१३ पासून जास्त कमावणाऱ्याकडून ते टॅक्समधून परत घेतात, ५० हजार पौंडांवर, आता २०२४ पासून ६० हजारांवर. गंमत अशी की घराचं उत्पन्न धरत नाहीत, दोघांतला जो जास्त कमावतो त्याचं एकट्याचं. शेजारी दोघं नवरा बायको ५५-५५ कमावतात, त्यांना पूर्ण मिळतं. आमच्याकडे मी घरी, हे एकटे ७०, आमचं अर्धं कापलं जातं. आणि व्हिसावर असेपर्यंत तर काहीच नव्हतं, व्हिसाच्या कार्डावर छापलेलंच असायचं की सरकारी पैसा नाही, टॅक्स मात्र पहिल्या महिन्यापासून. मिसळ ताई तुमचं पटलं, इथे बरेच वर्ष ते पैसे आईच्या खात्यात जायचे म्हणून बायकांना त्याचं फार होतं.

मनीमाऊ_७:
काकू लेस्टरला ओला नारळ मिळतो का? बहीण येतेय शिकायला.

लेस्टरची_काकू:
सगळं मिळतं गं, बेलग्रेव्ह रोडला. कढीपत्ता आणू नको म्हणावं, विमानतळावर काढून घेतात.

घड्याळजी:
आमचं पांढरं कार्ड. बाबा खाजगी संस्थेत क्लार्क, पगार लाखाच्या थोडा वर, वर्षाचा हं. त्यांच्या छातीत दुखलं तेव्हा जीवनदायी योजना पिवळ्या-केशरीलाच होती. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने कार्ड उघडलं पण नाही, नुसता रंग बघितला आणि परत सरकवलं. शेजारच्या खाटेवर एक हॉटेलवाले होते, त्यांचं केशरी, त्यांचं सगळं योजनेत झालं. राग आला का, आला. पण रात्री माझ्या आईला त्यांच्या घरून डबा यायचा, त्यामुळे राग धड धरता पण येईना. आम्ही पतपेढीचं कर्ज काढलं, ते मग माझ्या पहिल्या नोकरीत फिटलं. आता महात्मा फुले योजना ५ लाखांपर्यंत आहे आणि पांढऱ्या कार्डालाही लागू आहे. करोडपतीलाही चालेल म्हणतात काही लोक, चालू दे. आजारपणात तरी रंग बघू नये. खात्यात रोख टाकताना मात्र बघावा, कडक बघावा.

सांजवात:
@घड्याळजी हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. तुमचं शेवटचं वाक्य मला पटतंय.

बांधावरचा:
मला पण. कर्जमाफीत पण हेच व्हायला पाहिजे होतं.

चहाबिस्कीट:
कर्जमाफी काढलीत, आता पक्ष येणार.

नातवाची_आजी:
मी उशिरा आले, वरचं सगळं वाचलं नाही. आमच्या वेळी यशवंतरावांनी बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असेल त्याला फी माफ केली होती, माझे दोन भाऊ त्यातच शिकले. आता नातवाच्या शाळेत आरटीईची, म्हणजे गरिबांसाठीच्या राखीव जागांवरची मुलं आहेत, मर्यादा १ लाख, आणि एकाचे वडील त्याला बुलेटवरून सोडतात आणि बुलेट गल्लीच्या टोकाला लावून पोराला चालत आणतात. मी बघते ना बाकावर बसून. पोराला शिकवून ठेवलंय कुणी विचारलं तर सायकल म्हणायचं. पोरगं मात्र गुणी आहे, माझ्या नातवाला पाढे तोच शिकवतो.
दिवाळीत तो शंभर रुपयांत आनंदाचा शिधा यायचा त्यातला रवा कुणी वापरला होता का? आमच्या बाईने मला आणून दिला होता, लाडू छान झाले पण पामतेलात शंकरपाळी अजिबात करू नका, टाळूला चिकटतात.

सेविका_ताई:
आजी पामतेलात थोडं तूप घालायचं मोहनाला, नाही चिकटत. बुलेटचं वाचून हसले, आमच्याकडे तर ट्रॅक्टर लपवतात.

सेतूवाला:
ट्रॅक्टर लपवायची गरज नाही ताई, लाडकीत ट्रॅक्टर चालतो. चारचाकीतून तो वगळलाय.

सेविका_ताई:
अहो मला माहीत आहे, त्यांना कुठे माहीत आहे! गोठ्यात कडबा टाकून झाकतात, मी सांगत पण नाही.

मनीमाऊ_७:
केशरीचं पांढरं करून घ्यायचं असेल तर ऑनलाईन होतं का? सासऱ्यांचं कार्ड आहे, त्यात माझं नाव अजून चढलेलंच नाही. सेतूवाले दादा सांगा ना.

सेतूवाला:
आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. तिथेच चार लोकांचं घोडं अडतं.