यूएसबी उपटली, फाइल उघडीच: ड्रायव्हरची मेमरी 'डेव्हएम'वर सोडावी का?

पीथमपूर_पाळी
पीथमपूरच्या एका कारखान्यात मशीनची कंपनं मोजणारा यूएसबी बोर्ड आहे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बसून बोर्ड चालवणारा कोड, मी लिहिला. गेल्या आठवड्यात रात्रपाळीत झाडलोट करताना कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि बोर्ड सुटला. आमचा प्रोग्रॅम तेव्हा फाइल उघडून वाचत होता. वाचन थांबलं की तो दोन मिनिटं वाट बघतो आणि मग फाइल बंद करतो. ती बंद करताना अख्खं मशीन कोसळलं. कारण शोधण्यात माझ्या तीन रात्री गेल्या.

ड्रायव्हरचा डेटा ठेवणारं मुख्य स्ट्रक्चर मी डेव्हएम_केझॅलॉकनं घेतलं होतं. डेव्हएम म्हणजे बोर्ड निघाला की घेतलेल्या वस्तू आपोआप सोडणारी कर्नलची फंक्शनं. बोर्ड निघाला, डिस्कनेक्ट फंक्शन संपलं आणि कर्नलनं ती मेमरी आपोआप सोडली. फाइल मात्र प्रोग्रॅमच्या हातात होतीच. ती बंद झाल्यावर आमचं रिलीज फंक्शन त्याच सुटलेल्या मेमरीतलं म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरायला गेलं.

इंदूरच्या सराफ्यात दिवसा जिथे सोनाराची पेढी, रात्री त्याच ओट्यासमोर खाण्याची गाडी लागते. सकाळच्या पावतीवर रात्री दागिना मागायला जावं, तसं हे झालं. जागा तीच, पण मालक दुसरा. म्हणून माझं ठाम मत झालंय की यूजरला जे उघडता येतं, त्याची मेमरी डेव्हएमनं घेऊच नये.

सिमरोल_रोड
दादा, त्रास झाला हे खरं, पण दोष चुकीच्या जागी लावताय. डेव्हएमच्या आधी काय होतं ते आठवा. प्रोबमध्ये (बोर्ड जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सात गोष्टी मिळवायच्या, पाचवी फसली की गोटोच्या (कोडमध्ये थेट उडी मारणाऱ्या आज्ञेच्या) पायऱ्या उतरत आधीच्या चार उलट्या क्रमानं सोडायच्या. एक पायरी चुकली की गळती. त्या वाटेची चाचणी कुणी करतच नसे, कारण प्रोब सहसा फसत नाही. कर्नलवर काम करणाऱ्या तेजुन हिओ यांनी 2007 मध्ये डेव्हरेस, म्हणजे डेव्हएमच्या मागची यंत्रणा, आणली ती याचसाठी. नव्या मुलांना 'डेव्हएम टाळा' सांगितलंत तर ती पुन्हा गोटोत अडकतील.

जुनी_इंदूर
मला दोघांचंही अर्धंच पटतं. खरी गल्लत आयुष्यांची आहे. बोर्डाचं आयुष्य वेगळं, उघड्या फाइलचं वेगळं. डेव्हएम पहिल्याशी बांधलेलं आहे. रजिस्टर (बोर्डावरचे नियंत्रणाचे कप्पे), क्लॉक (त्याला चालवणारे ठोके), इंटरप्ट (बोर्डानं प्रोसेसरला दिलेली हाक) बोर्डासोबत जायलाच हवेत, तिथे ते चोख काम करतं. फाइल ज्याला हात लावते ते मात्र किती जण वापरतायत त्याच्या गणतीवर ठेवावं. कर्नलमध्येच यूएसबी-स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, तो बघा. त्यात डेव्हएम नाही, केरेफ आहे, म्हणजे हीच गणती ठेवणारा कर्नलचा मोजणीदार. ओपनमध्ये गणती एकनं वाढते, रिलीजमध्ये घटते, आणि शून्य झाल्यावरच मेमरी सुटते. डिस्कनेक्टमध्ये 'बोर्ड गेला' अशी खूण म्युटेक्स धरून केली जाते, रीड आणि राइट ती आधी बघतात.

राऊ_सर्कल
मॉड्यूलची (कर्नलमध्ये चढवलेल्या ड्रायव्हरच्या कोडची) गणती वाढवून ठेवली तर एवढं करायची गरजच काय? फाइल उघडी असेपर्यंत ड्रायव्हर निघणारच नाही.

जुनी_इंदूर
नाही हो, इथेच पुष्कळ जण फसतात. ती गणती मॉड्यूल काढणाऱ्याला अडवते, वायर उपटणाऱ्याला नाही. कोड मेमरीत शाबूत राहतो, पण बोर्डाचा डेटा गेलेला असतो. बोर्ड निघताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमधून 'आत्ता नको' असा चुकीचा आकडा परत करूनही काही साधत नाही. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरमध्ये (बहुधा चिपमध्येच असलेल्या उपकरणांच्या ड्रायव्हरमध्ये) कर्नल तो आकडा मानतच नसे. शेवटी कर्नलच्या 6.11 आवृत्तीपासून तिथलं रिमूव्ह काहीच परत करत नाही.

सिमरोल_रोड
ताई, केरेफ मान्य. पण मी जास्त अपघात पाहिलेत ते सरमिसळीचे. इंटरप्ट डेव्हएमनं घेतलेला आणि क्लॉक रिमूव्हमध्ये हातानं बंद केलेला. डेव्हएमच्या वस्तू रिमूव्ह संपल्यावर सुटतात, म्हणजे मधल्या वेळात इंटरप्ट जिवंत असतो. तो आला की हँडलर बंद क्लॉकच्या रजिस्टरला हात लावतो. क्लॉक बंद करायचं कामही डेव्हएमच्या ॲक्शनमध्ये (सोडताना चालवायला नोंदवलेल्या आपल्या फंक्शनमध्ये) टाका, मग उलटा क्रम आपोआप जमतो. थोडं डेव्हएम वापरण्यापेक्षा पूर्ण वापरलेलं बरं, असं मी यासाठीच म्हणतो.

पीथमपूर_पाळी
क्रमाचं पटलं. पण 'पूर्ण वापरा' नाही पटत, माझ्या ड्रायव्हरमध्ये मी पूर्णच वापरलं होतं! ग्राफिक्सवाल्यांनी 2020 मध्ये डीआरएमएम नावाचे वेगळे हेल्पर आणले, ते बोर्डाऐवजी यूजरला दिसणाऱ्या वस्तूच्या आयुष्याशी बांधलेले आहेत. एकाच दोरीनं सगळं बांधता येत असतं तर त्यांना ही दुसरी दोरी कशाला लागली असती?

सिमरोल_रोड
ग्राफिक्सची गुंतागुंत प्रत्येक तापमापकाच्या ड्रायव्हरवर लादू नका. त्यातल्या बहुतेकांना स्वतःची फाइलच नसते, ती सबसिस्टिम, म्हणजे त्या जातीच्या ड्रायव्हरांचा कर्नलमधला सामायिक कोड, सांभाळते. तिथे डेव्हएम बिनधोक आहे आणि असे ड्रायव्हर खूप आहेत.

जुनी_इंदूर
पीथमपूरवाले दादा, वाद चालू द्या, पण आधी एक करा. कॅसन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा तपासनीस) लावलेला कर्नल बांधा, फाइल उघडी ठेवा, सिसएफएसमधल्या (कर्नलच्या वस्तू फाइल म्हणून दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) ड्रायव्हर सोडवणाऱ्या अनबाइंड फाइलमध्ये बोर्डाच्या यूएसबी इंटरफेसचं नाव लिहा आणि मग फाइल बंद करा. वायरीला हात लावायचीही गरज नाही.

पीथमपूर_पाळी
केलं. पहिल्याच फेरीत कॅसननं रिलीजमधली म्युटेक्सची ओळ दाखवली, मेमरी कुठे घेतली आणि कुठे सुटली त्यासकट. आता केरेफ घातलाय आणि डिस्कनेक्टमध्ये आधी यूआरबी (यूएसबीवर चालू असलेल्या देवाणघेवाणीच्या मागण्या) थांबवतोय. अनबाइंड-बाइंडची फेरी रात्रभर लावून ठेवलीय.