पुण्यात आईसाठी घरी राहणारी बाई ठेवायची आहे, कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी,

आई पुण्याला सहकारनगरमध्ये असते, वय ७९, बाबा ८४. गेल्या आठवड्यात ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, लगेच ऑपरेशन झालं आणि आता दोन-तीन दिवसात घरी सोडू म्हणतायत. मी एरवी अमेरिकेत असते, सध्या पुण्यातच आहे पण रजा जास्त उरलेली नाही, भाऊ सिडनीला आहे, त्याला आत्ता निघता येत नाहीये. इथे बायका पुरवणाऱ्या तीन ब्युरोंना फोन केला, तिघंही म्हणाले चोवीस तासाची बाई उद्याच पाठवतो, अ‍ॅडव्हान्स भरा. काय विचारायचं तेच मला कळेना. आईचं म्हणणं घरात परकी बाई नको, आणि बाबा म्हणतात मी आहे ना, मी बघतो. कोणाच्या घरी अशी सोय केली असेल तर प्लीज लिहा, अगदी बारीकसारीक सुद्धा चालेल.

(नेपरविल, सध्या पुणे)

*

ताई,

माझ्या सासूबाई नाशिकला असतात आणि गेली काही वर्षं त्यांच्याजवळ राहणारी बाई आहे (आम्ही तिला मावशी म्हणतो), म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

ब्युरो निवडायच्या आधी एकच गोष्ट नीट बघून घ्या, आईंना रात्री किती वेळा उठवावं लागतंय. हॉस्पिटलमधल्या रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा, ती बरोबर सांगेल. एकदा-दोनदा लघवीला उठतात आणि बाकी झोपतात असं असेल तर घरी राहणारी एक बाई पुरते. पण आपलं आपण कुशीवर वळता येत नसेल, दर दोन तासांनी कूस बदलावी लागत असेल, किंवा ऑपरेशननंतर रात्री भ्रमात उठून चालायला बघत असतील (या वयात हे बऱ्याच जणांना होतं, बहुतेकांचं हळूहळू निवळतं) तर एका बाईवर ते टाकूच नका. दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन वेगळ्या बायका घ्या, निदान पहिले काही आठवडे तरी. पैसे दुपटीच्या आसपास जातात, मान्य, पण दिवसभर काम आणि रात्रभर जागरण असं कोणीही माणूस आठ-दहा दिवसांच्या वर करू शकत नाही, मग ती एक दिवस सकाळी पिशवी भरून निघून जाते, आपण इथे फोनवर, ब्युरो म्हणतो दुसरी पाठवतो, आणि आईंना पुन्हा नवीन चेहरा. बायका टिकत नाहीत अशी तक्रार सगळेच करतात, पण तिला झोप मिळते का हे कोणी विचारत नाही.

दुसरं, बाई डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच हॉस्पिटलमध्ये बोलवून घ्या, त्या दिवसाचे पैसे द्या आणि फिजिओथेरपिस्टसमोर तिच्याकडून सगळं करून घ्या. पलंगावरून उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, आधी कडेला बसवायचं, पाय जमिनीला टेकले की मिनिटभर थांबायचं, चक्कर येत नाही ना बघायचं, वॉकर पुढ्यात, मग उभं करायचं. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर मांडी घालून बसणं, पायावर पाय टाकणं, बुटक्या स्टुलावर बसणं बंद, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, किती आठवडे ते सर्जनला विचारून लिहून घ्या. कमोडवर उंच सीट बसवून घ्या आणि बाजूला धरायला दांडा. आणि अंग पुसताना रोज माकडहाड आणि दोन्ही टाचा बघायला सांगा. लाल दिसलं तर बोटाने दाबून बघायचं, दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर त्या कुशीवरचा भार काढायचा आणि लक्ष ठेवायचं, पण दाबूनही लाली जात नसेल तर बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आमच्या मावशींनी सासूबाईंची टाच अशीच वेळेवर पकडली होती, नाहीतर महिनोन् महिने ड्रेसिंग करत बसलो असतो.

ब्युरोला सरळ विचारा की बाईच्या हातात किती पडतात. आमच्याकडे महिना पंचवीस ते तीस हजारांच्या घरात जातं, पण ब्युरोचं कमिशन किती आणि तिचा पगार किती हे आधी कळलं पाहिजे, कारण भरपूर पैसे घेऊन तिला निम्मे देणारे सुद्धा आहेत आणि मग तिचं मन कामात कसं लागणार. सुट्टी घेतली तर बदली कोण देणार, अ‍ॅडव्हान्स परत मिळतो का, हे लेखी घ्या. शिवाय अटेंडंट वेगळी आणि नर्स वेगळी. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर हे बाईचं काम नाही, त्यासाठी एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचे कोर्स) झालेली नर्स घरी येऊन जाऊ दे, तिचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघा. ब्युरो म्हणेल आमची बाई सगळं करते, नको म्हणा. आधारची प्रत घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा आणि तिच्या घरच्या कोणाचा तरी नंबर घेऊन स्वतः एकदा बोला, म्हणजे तिच्या घरच्यांनाही कळतं की ही कुठे आहे.

आता घरातलं. तिला झोपायला खाट किंवा नीट गादी, पंखा, सामानाला एक कप्पा, अंघोळ आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारी जागा. दुपारी बाबांची किंवा कोणाची तरी आईंपाशी बसायची वेळ ठरवा आणि ते दोन तास पूर्ण तिचे, तेव्हा हाक मारायची नाही. आठवड्याची सुट्टी द्या, आणि गणपती-दिवाळीला ती गावी जाणार हे गृहीत धरूनच चाला, तिलाही पोरंबाळं आहेत. पोळ्यांच्या बाई आणि धुण्याभांड्याच्या बाई चालू ठेवा, त्यांना कमी करून सगळं हिच्यावर टाकू नका, ही आईंसाठी आली आहे. आणि एक गोष्ट मी स्पष्टच लिहिते, कोणाला आवडो न आवडो. तिला वेगळा कप आणि वेगळं ताट ठेवू नका. जी बाई आपल्या आईची शी-शू काढते, तिला न्हाऊ-माखू घालते, तिचा चहाचा कप खिडकीत पालथा घालून ठेवायचा हे मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे सासूबाईंनी सुरुवातीला कुरकुर केली, माझ्या नवऱ्याने शांतपणे सांगितलं की या घरात एकच कपाट आहे कपांचं. विषय संपला.

आई नको म्हणतायत त्याबद्दल. त्यांना तुला सांभाळायला बाई आणतोय असं सांगू नका, बाबांना उचलाउचल झेपणार नाही म्हणून मदत हवीये असं सांगा, ते खरंही आहे. ८४ व्या वर्षी ते आईंना उठवायला गेले आणि दोघं पडले तर? तुम्ही तिथे आहात तोवरच बाई आणा, निघायच्या आदल्या दिवशी नको. पहिले काही दिवस तुम्ही करा, ती बघू दे, मग ती करू दे, तुम्ही फक्त खोलीत बसा, मग बाहेर जा. काय भाजी करायची, कोणती साडी, टीव्हीवर काय, हे आईच ठरवतील असं बाईला त्यांच्यादेखतच सांगा. घर आपल्या हातातून गेलं या धास्तीनेच तर त्या नको म्हणत असतात.

एक दोनशे पानी वही करा. तारीख, औषधं, बीपी, किती खाल्लं, लघवी, शी, किती चालल्या, बस. मावशी रोज रात्री त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, दोन दिवस शी झाली नाही हे मला इथे बसून दिसतं. कॅमेरा लावायचाच असेल तर हॉलमध्ये, आणि तिला सांगून. अंघोळीच्या, कपडे बदलायच्या जागी नाही.

अजून काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, रात्री उशिरापर्यंत जागी असते.

(शॉमबर्ग)

*

मंडळी, मध्येच बोलतो, पण आई-बाबांना इकडे अमेरिकेतच का नाही आणत? सगळे डोळ्यासमोर राहतील.

(अरोरा)

*

दादांच्या प्रश्नावरून. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हे सगळं तपासलं होतं. व्हिजिटर म्हणून आणलं तर मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, ग्रीन कार्ड काढलं तरी ६५ च्या पुढच्यांना ते विकत घ्यायला सुद्धा आधी सलग पाच वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं, आणि व्हिजिटर इन्शुरन्स आधीपासूनचं दुखणं बहुतेक धरत नाही. त्यातून मेडिकेअर असलं तरी रोजचं न्हाऊ घालणं-भरवणं यासाठी दीर्घकाळ बाई ठेवायचा खर्च ते देतच नाही. आणि दिवसभर आपण ऑफिसात, म्हातारी माणसं बंद घरात, बाहेर बर्फ. आत्ता खुब्याच्या ऑपरेशनवर एवढा विमानप्रवास तर नकोच.

ताई, कागदपत्रांचं तेवढं सांगतो, तुम्ही तिथे आहात तोवर उरकून घ्या.

आईंच्या बँकेत तुमचं किंवा भावाचं नाव जॉइंट लावून घ्या, एनआरआय मुलांना आईवडिलांच्या खात्यात ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं) नाव लावता येतं. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी जवळच्या कोणाच्या तरी नावाने करायला हरकत नाही, पण तिच्यावरच विसंबू नका, कारण देणाऱ्या माणसाची मानसिक क्षमता गेली की आपल्याकडे ती संपते, अमेरिकेतल्या ‘ड्युरेबल’ पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीसारखी पुढे चालत नाही. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ती उपयोगाची राहत नाही. तुम्ही इथून एखादी पाठवलीत (फ्लॅट तुमच्या नावावर असेल वगैरे) तर इथे नोटरी, मग राज्याकडून अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी.

बाईचा पगार रोख ठेवू नका, बाबांना एटीएमला जावं लागतं. २०२३ पासून अमेरिकेतल्या मोबाईल नंबरवर सुद्धा एनआरई-एनआरओ (एनआरआयंच्या भारतातल्या) खात्याला यूपीआय जोडता येतं, तुमची बँक देते का बघा, म्हणजे १ तारखेला थेट तिच्या खात्यात जातात आणि हिशोबही राहतो.

आयुष्मान भारतमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आई-बाबा दोघांची मिळून ती रक्कम. ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरच, घरच्या बाईचा खर्च त्यात बसत नाही, तरी कार्ड काढून ठेवा, आधार लागतं फक्त. फ्रिजवर मोठ्या अक्षरात १०८ (अँब्युलन्स), १४५६७ (ज्येष्ठांची हेल्पलाइन), फॅमिली डॉक्टर आणि शेजाऱ्यांचा नंबर लिहा. शेजाऱ्यांकडे एक किल्ली.

आणि तिथे एक माणूस ठरवा जो आठवड्यातून एकदा न सांगता चक्कर मारेल. भाचा, मावसभाऊ, आईंची मैत्रीण, कोणीही. फोनवर सगळं ठीकच असतं.

(पॅलाटाइन)

*

सगळ्यांचे खूप आभार. रात्रीच्या सिस्टरशी बोलले, आई रात्री तीन-चारदा उठतेय आणि परवा वॉकर न घेताच उतरायला बघत होती, त्यामुळे सुरुवातीला दोन पाळ्यांत दोघी घ्यायचं ठरवलंय, महिन्याभराने सर्जन काय म्हणतात ते बघून मग एक राहणारी. ब्युरोवाल्याला बाईच्या हातात किती पडतात विचारलं तर एकाने फोनच ठेवला, दुसरीने नीट आकडा सांगितला, तिच्याकडूनच घेतोय. दिवसाची बाई उद्या दुपारी हॉस्पिटलला येतेय. बाबांना पटलंय, आईला अजून नाही, पण तिने तिला चहा चांगला करता येतो का एवढं विचारलं.

शॉमबर्गच्या ताई, वहीच्या पानाचा एक फोटो पाठवाल का, तशीच आखून घेते. आणि सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडी भागात कोणाच्या नातेवाइकांकडे वापरात नसलेली कमोडची उंच सीट असेल किंवा खात्रीची बदली बाई माहीत असेल तर मला थेट मेल करा, बायकांचे नंबर सगळ्यांना जायला नकोत.

(नेपरविल, सध्या पुणे)