मदत हवी आहे: आईचं गुडघ्यांचं ऑपरेशन, 'फिटनेस' मिळाला, पण फ्रेल्टीचं (उतारवयातल्या अशक्तपणाचं) काय?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी. आई ७९ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे पार गेलेत. ऑर्थोपेडिक सर्जननी दोन्ही सांधे एकाच वेळी बदलायला सुचवलंय. ईसीजी, टूडी एको, साखर, क्रिएटिनिन सगळं ठीक, फिजिशियननी फिटनेस दिला. पुढच्या महिन्यातली तारीख मिळतेय.

मला खटकतंय ते या रिपोर्टांत कुठेच नाही. वर्षभरात वजन ५८ वरून ५३ किलोवर आलंय. पथ्यबिथ्य काही नाही, भाकरीच अर्धी झाली. दुपारभर पडून असते. बरणीचं झाकण उघडायला मला हाक मारते. पूजा, पोथी चालू आहे, पण बँक आणि औषधं आता मीच बघते. झोपेसाठी अल्प्राझोलाम कित्येक वर्षं चालू आहे. मावशी म्हणते, "वय झालं, असंच असायचं."

नेटवर वाचून घरी एक चाचणी केली: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. २४ सेकंद लागले. आता हे गुडघ्यामुळे की अंगात ताकद नाही म्हणून, कसं ओळखायचं? फ्रेल्टीची तपासणी कोण करतं? वृद्धरोगतज्ज्ञ आमच्या माहितीत कुणी नाहीत. आणि फ्रेल निघाली तर ऑपरेशन रद्दच का?

फिजिओ_मी

तुमची शंका रास्त आहे. गुडघेदुखीच्या पेशंटला चालायला लावलं की तो हळूच चालणार, त्यावरून अशक्तपणा ठरवता येत नाही. फ्रीड यांचे २००१ चे पाच निकष बघा: आपोआप घटलेलं वजन, सतत थकवा, कमी पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन किंवा जास्त असले तर फ्रेल, एक-दोन असले तर त्या वाटेवर. पण शेवटचे दोन तुमच्या आईंच्या बाबतीत गुडघेच खाऊन टाकतात. म्हणून पहिल्या तिघांवर भर द्या. वजनाचा निकष वर्षात ५ टक्के घट असा आहे, त्यांची आठच्या वर गेलीय. पकड डायनॅमोमीटरने मोजतात, बऱ्याच फिजिओंकडे असतो. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत बायकांसाठी १८ किलोखाली म्हणजे कमी. बोटांचा संधिवात असेल तर मात्र हाही आकडा फसवा.

कवळीवाली

दात तपासलेत का? आमच्या सासूबाईंचं वजन असंच उतरत होतं. सगळ्या तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर कवळी टोचते म्हणून त्या नुसता आमटी-भात गिळत होत्या. कुणाला बोलल्या नाहीत.

भूल_देणारा

भूलतज्ज्ञ आहे. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे प्रश्न घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

फिटनेस म्हणजे हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड भूल सोसतील का, एवढंच. फ्रेल्टी म्हणजे धक्का बसल्यावर सावरायला गाठीशी काय शिल्लक आहे. त्यासाठी आम्ही बऱ्याचदा क्लिनिकल फ्रेल्टी स्केल वापरतो, कॅनडात तयार झालेली, १ ते ९. यंत्र लागत नाही, रोजचं आयुष्य विचारायचं. पैसे आणि औषधं दुसऱ्याने सांभाळावी लागतात, म्हणजे साधारण ५. पण आधी सांगा, हे तुमच्याकडे का आलं? बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून, की हिशेब चुकायला लागले म्हणून? दोन्हींत फार फरक आहे. विसरण्याची शंका असेल तर मिनी-कॉग करून घ्या: तीन शब्द लक्षात ठेवायचे, मध्ये घड्याळ काढायचं, मग शब्द परत सांगायचे. पाच मिनिटांत होतं. त्यात कमी पडणाऱ्यांना ऑपरेशननंतर भ्रम व्हायचा धोका जास्त. रात्री नळ्या ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत, नातेवाईक हादरतात.

फ्रेल म्हणजे रद्द, असं अजिबात नाही. गुडघेच माणसाला खाटेला खिळवून फ्रेल करतात. पण सांधेबदल ही थांबू शकणारी शस्त्रक्रिया आहे. खुब्याचं हाड मोडलं असतं तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करा म्हणालो असतो, कितीही फ्रेल असल्या तरी. इथे आधी वजन का उतरलं ते शोधा: थायरॉइड, दात, नैराश्य, टीबी, कॅन्सर सगळं मनात ठेवून. मग काही आठवडे प्रथिनं वाढवून मांड्यांचे व्यायाम. आणि 'एकेक गुडघा केला तर?' हे सर्जनना बिनधास्त विचारा. राग येत नाही, फक्त असं कुणी विचारत नाही.

सांगलीची_लेक

सर्वांचे आभार. बँक पायऱ्यांमुळेच सुटली. पण औषधं मी ताब्यात घेतली ती आईने बीपीची गोळी दोनदा घेतलेली सापडली म्हणून. कवळी घट्ट आहे, तेवढं बरं. सोमवारी सर्जनना भेटून मिनी-कॉग आणि एकेक गुडघ्याचं विचारते. अल्प्राझोलाम तोवर बंद करू का?

भूल_देणारा

अचानक अजिबात नको. इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते. फिजिशियनच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात. सोमवारी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून न्या, चूर्ण-काढे असतील तर तेही. आणि गोळी दोनदा घेतल्याचं आवर्जून सांगा.