‘ट्रॅव्हलिंग विदाउट मूव्हिंग’ला विकाऊ म्हणणाऱ्यांनी आधी त्यातला बेस ऐका

मंद्रसप्तक:
काल एका पोस्टमध्ये वाचलं की जॅमिरोक्वाय हा ब्रिटिश बँड पहिल्या दोन अल्बमपुरताच फंक (बेस आणि ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत) होता, १९९६ ला तिसरा, ‘ट्रॅव्हलिंग विदाउट मूव्हिंग’, आला आणि मग नुसतं डान्स-पॉप, एमटीव्हीसाठी बनवलेला माल. तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहितोच. त्यातल्या ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’चा पियानो सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या खाली बँडचा स्टुअर्ट झेंडर बेस गिटारवर काय वाजवतो ते कधी नीट ऐकलंय का? ‘कॉस्मिक गर्ल’ सरळसरळ डिस्को आहे, मान्य, पण डिस्को हे फंकच्याच घरातलं पोर, ‘शीक’ या डिस्को बँडचा बेसवाला बर्नार्ड एडवर्ड्स ऐका आणि लगेच झेंडर ऐका, नातं कळेल. वर याच अल्बममध्ये एक रेगे आहे आणि डिजरिडूचे (ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब फुंकवाद्य) दोन अख्खे तुकडे आहेत ज्यात एक शब्द गायलेला नाही. नुसता धंदाच करायचा असता तर डिजरिडू कशाला घातला असता?

पहिलापाऊस:
ती पोस्ट माझीच. बेसबद्दल मी काही बोललोच नव्हतो. १९९३ चा पहिला अल्बम, नावच ‘इमर्जन्सी ऑन प्लॅनेट अर्थ’, पृथ्वी वाचवा म्हणून जीव तोडून गात होता यांचा गायक जे के. तीन वर्षांत कव्हरवर फेरारीच्या बिल्ल्यासारखा बिल्ला, टायटल साँगमध्ये गाडीच्या इंजिनाचा आवाज, ‘कॉस्मिक गर्ल’च्या व्हिडिओत डोंगररस्त्यांवर फेरारी आणि लॅम्बोर्गिनी. मी त्या पहिल्या अल्बमच्या नादाने कॉलेजात झाडं लावत फिरलोय हो, मला फसवल्यासारखं वाटलं.

मंद्रसप्तक:
अहो पण याच अल्बमचं पहिलंच गाणं, ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’, यंत्रांच्या मागे वेड्या झालेल्या जगावर आहे ना! ते सोयीस्कर विसरायचं?

कॅसेटवाली:
ते गाणं कुणी ऐकलं, सगळ्यांनी बघितलं. मोठी टोपी आणि सरकणारी जमीन. (जमीन सरकत नव्हती, भिंती सरकत होत्या, दिग्दर्शक जोनाथन ग्लेझरचा व्हिडिओ आहे तो.) ९७ ला एमटीव्हीची चार बक्षिसं त्यालाच मिळाली. लोकांसाठी जॅमिरोक्वाय म्हणजे जे के, विषय संपला.

चारतारा:
नाही संपला, माझा इथेच सुरू होतो. मी अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय. बॅनरवर गायकाचा हा एवढा फोटो आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि सहकारी’. ते सहकारी म्हणजे आम्ही. एकदा हळदीच्या प्रोग्रामला माझा ॲम्प मधेच गेला. गायक गातोय, ढोलक चालू, कीबोर्ड चालू, कुणाला काही कळलं नाही, पण दोन गाण्यांत नाचणारी माणसं एकेक करून खुर्च्यांवर जाऊन बसली. नवरीचा मामा येऊन ढोलकवाल्याला ओरडला, ‘जोर नाही का रे हातात?’ वायर दाबून धरली, आवाज आला, पुढच्या अंतऱ्याला सगळे परत उभे. नाचवतो कोण ते मला विचारा.

पहिलापाऊस:
भाऊ, किस्सा चांगला आहे, पण आमच्या सोसायटीचे कार्यक्रम मी ठरवतो, लोक आधी हेच विचारतात की गाणार कोण. बेसवाला कोण हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

चारतारा:
आणि म्हणूनच पाकीट देताना तुम्ही लोक गायकाला घरात बोलावता आणि आम्हाला टेम्पोपाशी उभं ठेवता! पहाटे तीनला, केस उचलून, जेवण संपलंय म्हणून सांगतात. तुम्ही कधी विचारलंय जेवलात का?

पहिलापाऊस:
मला ओळखत नाही आणि थेट आरोप? मी कुणाला उपाशी पाठवलेलं नाही.

कॅसेटवाली:
दोघेही जरा दमाने घ्या. चारतारा, तुमचं दुखणं खरं आहे, पण झेंडर ९८ ला बँड सोडून गेला, पुढचा अल्बम ‘सिंक्रोनाइज्ड’ त्याच्याशिवाय आला आणि त्यातल्या ‘कॅन्ड हीट’वर जग नाचलंच की. मग?

चारतारा:
मग काय, तिथे निक फाइफ होता ना! तिथेही कुणीतरी चार तारांवर बोटं झिजवलीच. तुम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं एवढंच. मी हेच सांगतोय मघापासून.

मंद्रसप्तक:
धागा अल्बमचा होता, पण जाऊ दे, हे बोलणं गरजेचं होतं. फक्त बँडच्या कीबोर्डवाल्या टोबी स्मिथला विसरू नका, ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’चा तो पियानो त्याचा, २०१७ ला गेला बिचारा.

पहिलापाऊस:
रात्री हेडफोन लावून याच अल्बममधलं ‘अलराइट’ ऐकलं, फक्त बेस धरून, चार वेळा. इतकी वर्षं मी ते गाणं वरवरच ऐकत होतो. ठीक आहे, ‘नुसतं डान्स-पॉप’ हे शब्द मागे घेतो. आणि चारतारा, गणपतीतल्या आमच्या कार्यक्रमाला जेवण शेवटी कुणाला मिळतं ते यंदा मी स्वतः बघणार. कव्हरचं मात्र नाही म्हणजे नाही.