हाकललेली माणसं की चढून गेलेली?

गिरमिट

परवा इथल्याच एका लडाखच्या फोटोंच्या धाग्यात हे वाक्य वाचलं: "असल्या ओसाड जागी आपखुशीने कोण राहायला जाईल? मैदानातल्या दांडग्या टोळ्यांनी हाकललेली माणसं वर गेली आणि पिढ्यानपिढ्या सवय होऊन त्यांची फुप्फुसं मोठी झाली." खाली प्लस वनची रांग. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो, तो इतका लांबला की वेगळा धागा काढावा लागला.

आधी हाकलण्याचं बघू. तिबेटच्या चांगतांगमध्ये न्वाया देवू नावाची जागा आहे, उंची ४६०० मीटर. तिथे सापडलेली दगडी पाती आणि हत्यारं ४०,००० ते ३०,००० वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळात खाली अशी कोणती गर्दी झाली होती की कुणाला तिथवर पिटाळावं लागलं? वर रानयाक होते, हरणांचे कळप होते. म्हणजे शिकारीच्या मागे गेले.

इथियोपियाच्या बाले पर्वतातलं फिंचा हबेरा घ्या. साधारण ३४७० मीटरवरचा कातळनिवारा, ४७,००० ते ३१,००० वर्षांपूर्वीचा. हिमयुगात खालचा मुलूख कोरडा पडला होता, वर हिमनद्यांचं पाणी होतं. माणसं बिळातले थोराड उंदीर भाजून खात होती आणि हत्यारांसाठी ज्वालाकाच (ज्वालामुखीतून बनलेली काच) आणायला आणखी वर, ४२०० मीटरच्या पुढे जात होती. पळून आलेला माणूस लपतो, तो आणखी वर खाणकाम करायला जात नाही.

आता 'सवय'. सवय मुलांत उतरत नाही. खालचा माणूस वर राहिला की शरीर तांबड्या पेशी वाढवत नेतं, रक्त दाट होतं. तिबेटी लोकांचं वैशिष्ट्य हे की त्यांच्यात ही वाढ आवरलेली असते. ४००० मीटरवरही तिबेटी पुरुषाचं हिमोग्लोबिन १५-१६च्या घरात असतं, बोलिव्हियाच्या आयमारा पुरुषाचं १९च्या आसपास. यामागे ईपास-१ जनुकाचं एक रूप आहे आणि ते डेनिसोवन या नामशेष झालेल्या वेगळ्या मानवप्रकाराकडून आलं, हे २०१४ साली दाखवून झालंय. फुप्फुसं कुठून आणली कोण जाणे.

दगडफोड्या

जनुकाचं ठीक. पुरातत्त्वाच्या बाबतीत मात्र तुम्ही सुसाट सुटलात.

न्वाया देवूला हत्यारं आहेत आणि ती ज्या थरांत सापडली त्यांचं वय आहे. घर कुठाय? साताऱ्या-सोलापूरकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात. उद्या कोकणात त्यांच्या तळाची राख सापडली तर धनगर कोकणवासी होते म्हणाल का? वर जाणं वेगळं आणि बारा महिने तिथे राहणं वेगळं. तिबेटच्या ईशान्य भागातल्या वस्त्यांवर २०१५ साली मोठं काम छापून आलं. ५२०० वर्षांपूर्वीपासून राळे पिकवणारे लोक २५०० मीटरच्या आगेमागे अडकलेले दिसतात. त्याहून वर कायमची गावं वसली ती ३६०० वर्षांपूर्वी, थंडीला दाद न देणारं जव आणि मेंढ्या आल्यावर. त्याआधीचे सगळे पाहुणे.

गिरमिट

मग तिबेटातल्या चुसांगचं काय करायचं? ४२७० मीटरवर गरम झऱ्याच्या चुनखडीत हातापायांचे ठसे उमटलेत, त्यांत मुलांचेही. वय किमान ७४०० वर्षं. जव यायच्या कितीतरी आधी. शिकारीच्या फेरीवर पोरं कोण नेतं? आणि तिथून खाली जाऊन परत यायचं तर बर्फाच्या खिंडी ओलांडत आठवडे जातात.

दगडफोड्या

पोरं कोण नेतं? धनगर पोरं नेतात, म्हाताऱ्या नेतात, घोड्यावर कोंबड्या बांधून नेतात. तुम्ही कधी धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट चाललेला तांडा, बघितलाय का रस्त्यात?

सह्यकडा

मोठमोठ्या गोष्टी चालल्यात म्हणून अनुभवाचं सांगतो. दर पावसाळ्यात कळसूबाई करतो, दम म्हणजे काय माहीत नाही. तरी लेहला विमानातून उतरलो आणि हॉटेलच्या जिन्यावरच बसकण मारली. कापराची पुरचुंडी हुंगली, तासाभरात ताठ. जनुकं-बिनुकं राहू द्या, कापूर न्या.

सुईवाली

कळसूबाई १६४६ मीटर, लेह साडेतीन हजार. त्याचा याच्याशी काय संबंध? आणि कृपा करून हे कापूरपुराण थांबवा. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. तुम्ही तासभर बसून राहिलात म्हणून बरं वाटलं.

माझ्या सासऱ्यांना एका टूरवाल्याने लेहला उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी खारदुंगला ही त्याहून उंच खिंड दाखवली. गाडीतले सगळे कापूर हुंगत होते. रात्री खोकला, छातीत खरखर, ओठ निळे. फुप्फुसात पाणी झालं होतं. वाचले ते ऑक्सिजन आणि पहिल्या विमानाने खाली आणल्यामुळे. टूरवाला म्हणाला, "बाकीच्यांना नाही झालं ते!"

सह्यकडा

तुमच्या सासऱ्यांबद्दल वाईट वाटतं, पण डॉक्टरकी इथे गाजवू नका. आमची आजी दम्याला कापूरच द्यायची.

सुईवाली

आजी किती मीटरवर राहायच्या?

फोटोवाला

ज्याच्या वाक्यावर हे रामायण सुरू झालं तो मीच. फोटो किती छान आलेत हे कुणी बोलत नाही, ते असो. आजचं बघा. चांगतांगच्या लडाखकडच्या भागातले खरनकचे चांगपा, म्हणजे तिथले भटके पशुपालक, कुटुंबंच्या कुटुंबं लेहजवळ खरनकलिंगला उतरून आलीत. एवढी आपखुशी असेल तर खाली का येतात?

गिरमिट

शाळेसाठी, दवाखान्यासाठी, रोजगारासाठी. कोकणातली घरं मुंबईला गेली म्हणून कोकणात माणसं हाकलून आणली होती असं ठरतं का?

आणि हाकललेल्यांचं, सवयीचं बघायचंय तर पोतोसीला चला. बोलिव्हियात ४००० मीटरवर, चांदीच्या खाणीपायी स्पॅनिश लोकांनी १५४५ साली गाव वसवलं. सतराव्या शतकातल्या एका बखरकाराने लिहून ठेवलंय की तिथे जन्मून जगलेलं पहिलं स्पॅनिश मूल वस्तीनंतर ५३ वर्षांनी झालं. शेजारी स्थानिक बायका बाळंत होतच होत्या. दोन पिढ्यांच्या सवयीने काय झालं ते दिसलं.

दगडफोड्या

बखरकारावर एवढा विश्वास? आपल्या बखरी वाचताना ठेवता का?

बाकी 'हाकलले' हा सिद्धान्त टाकाऊच आहे, त्याला मी कधी पाठिंबा दिला नव्हता. पण तो पाडायला 'पहिल्या दिवसापासून कायमची वस्ती' हा दुसरा सिद्धान्त उभा करू नका. डेनिसोवनांचं आणलंत म्हणून सांगतो. चीनमधल्या गान्सूतल्या बाइशिया गुहेतला जबडा ३२८० मीटरवरचा, किमान १,६०,००० वर्षांचा. १९८० साली एका भिक्खूला सापडला आणि २०१९ साली प्रथिनांवरून ओळख पटली. तो डेनिसोवनांचा. आपण तिथे तेव्हा नव्हतो. उसन्या जनुकावर घराचा उतारा मिळत नाही.

गिरमिट

बरं बाबा, 'कायमची' मागे. 'पुन्हापुन्हा, मुद्दाम, पोराबाळांसकट' एवढं तरी लिहू का, की त्यालाही सातबारा लागेल?

दगडफोड्या

'पुन्हापुन्हा' चालेल. पोराबाळांना ७४०० वर्षांच्या अलीकडे बसवा.

सुभेदार_निवृत्त

मी उत्तरेला नोकरी केली. ९,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० वर चार, १५,००० वर आणखी चार. इतके दिवस गेल्याशिवाय आम्हाला पुढे सोडत नसत, मग तुम्ही कितीही मोठे पैलवान असा. आमच्याबरोबर लडाख स्काउट्सची, म्हणजे तिथल्याच लडाखी पलटणीची पोरं असायची. आम्ही पाठीवर सामान घेऊन धापा टाकायचो, ती चढावर गाणी म्हणायची. त्यांना कुणी हाकलून आणल्यासारखं वाटलं नाही.

कापूर आम्हीही ठेवायचो. मॅडमचं बरोबर आहे, त्याने दम जात नाही. पण थंडीत नाक चोंदतं त्याला बरा.

सह्यकडा

बघा! सुभेदारसाहेबही ठेवायचे!

सुईवाली

नाकासाठी म्हणाले ते. वाचा की पूर्ण.

सह्यकडा

वाचलं. उंची बाधू नये म्हणून घेतात त्या तुमच्या डायमॉक्सच्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि रात्रभर लघवीला पळावं लागतं, ते तुम्ही लिहिलंत का?

सुईवाली

दोन्ही होतं. सोडासुद्धा बेचव लागतो, बिअरही. त्यामुळे तुमच्यासारखे लोक पहिल्या रात्री पीत नाहीत, तो तर फायदाच. गोळी डॉक्टरला विचारून, आदल्या दिवसापासून घ्यायची. पुरचुंडी काय, बॅगेत ठेवा हवी तर.